राइस टेक्सासशी खेळतेच कशाला?

वारा असा सुटला होता की पोंचो अंगावर राहतच नव्हता, सारखा डोक्यावरून उलटा होऊन मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी तोंडावर जाऊन आपटत होता, आणि मागची रांग सगळी लाल, पुढचीही लाल, म्हणजे स्टेडियम आमचं पण माणसं त्यांची. ५ नोव्हेंबर २०२२, शिकागोजवळचं इव्हान्स्टन, कॉलेज फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, नॉर्थवेस्टर्न विरुद्ध ओहायो स्टेट. आम्ही जांभळे. जांभळा रंग त्या दिवशी शोधावा लागत होता.

मी नॉर्थवेस्टर्नला मास्टर्स केलं आणि ती दोन वर्षं मला स्टेडियम नक्की कुठल्या रस्त्यावर आहे हे सुद्धा माहीत नव्हतं, खोटं कशाला सांगू. फुटबॉलचं वेड लागलं ते नंतर, आणि ते लावलं कोलंबसकरने. हा माझ्या नवऱ्याचा मित्र, शिकला ओहायो स्टेटला म्हणजे कोलंबसला, आणि तिथून आल्यापासून त्याचं खरं आडनाव कुणी वापरतच नाही. त्यानेच तिकिटं काढली होती, अर्थात जास्त तिकिटं त्याच्याच लोकांसाठी.

नॉर्थवेस्टर्न तेव्हा आठपैकी एक मॅच जिंकलेली, ती पण ऑगस्टमध्ये डब्लिनला, आयर्लंडमध्ये, नेब्रास्काविरुद्ध. नंतर तो अख्खा सीझन १-११ असा संपला, एक जिंकली आणि अकरा हरलो, म्हणजे त्या वर्षी आमची टीम अमेरिकेच्या जमिनीवर एकही मॅच जिंकली नाही, हा जोक मी स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचे कारण दुसऱ्याने सांगितला की जास्त लागतो. ओहायो स्टेट देशात दोन नंबरला. आणि त्या वाऱ्यात त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, सी. जे. स्ट्राउड, जो पुढच्या वर्षी एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (तिथे टीम पाळीपाळीने नवीन पोरं निवडतात) दुसरा उचलला गेला, त्याला पूर्ण मॅचभर पासिंगचे ७६ यार्ड मिळाले. ७६! बॉल हातातून सुटला की कुठेतरी तिसरीकडेच जायचा. पहिला टचडाउन आम्ही मारला, हाफटाइमला ७-७, आणि माझ्या शेजारचा कोलंबसकर काही न बोलता नखं खात बसलेला. शेवटी २१-७ हरलोच. पण पार्किंगकडे चालताना हा माणूस म्हणतो काय, "वहिनी, राग मानू नका, पण तुमची युनिव्हर्सिटी छान आहे हो, लायब्ररी छान, लेक छान, फक्त बिग टेनमध्ये तुमचं काय काम आहे ते सांगा."

तेव्हापासून हा वाद आमच्या घरात वर्षातून निदान चार वेळा होतो. नॉर्थवेस्टर्न, व्हँडरबिल्ट, स्टॅनफर्ड, ड्यूक, ही जी अभ्यासू युनिव्हर्सिट्यांची जमात आहे, यांनी मोठ्या फुटबॉल कॉन्फरन्समध्ये राहावं का गपचूप बाहेर पडून आपापल्या लेव्हलच्या लोकांशी खेळावं.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी, कॉन्फरन्स म्हणजे ठरलेली मंडळी, आपापसात खेळायचं, टीव्हीचे पैसे एकत्र घ्यायचे आणि वाटून घ्यायचे, बास. आम्ही आणि ओहायो स्टेट ज्या कॉन्फरन्समध्ये आहोत त्या बिग टेनमध्ये आता १८ टीम आहेत, नाव मात्र दहाच, ते का हे विचारू नका.

हा प्रश्न आजचा नाहीये बरं का. चंद्रावर जायचं केनेडींचं ते प्रसिद्ध भाषण आहे ना, १२ सप्टेंबर १९६२ चं, ते झालं ह्यूस्टनला राइस युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल स्टेडियममध्ये, आणि त्यात चंद्र कशाला, सगळ्यात उंच डोंगर कशाला, असं विचारता विचारता केनेडी मध्येच विचारतात की राइस टेक्सासशी का खेळते? लोक जाम हसले. राइस म्हणजे छोटीशी, हुशार पोरांची जागा, टेक्सास म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास, राक्षस. ते वाक्य टाइप केलेल्या भाषणात नव्हतं, केनेडींनी नंतर हाताने लिहून घातलं होतं. मला त्याहून आवडतं ते पुढे झालं ते. पुढच्याच महिन्यात राइस आणि टेक्सासची मॅच झाली, टेक्सास तेव्हा देशात एक नंबरला, आणि स्कोअर लागला १४-१४. बरोबरी! म्हणजे हसणाऱ्यांना सहा आठवड्यांत उत्तर मिळालं.

अर्थात कोलंबसकरला हे सांगितलं की तो लगेच पुढचं सांगतो. त्यालाही सगळं पाठ आहे. १९६५ नंतर राइस टेक्सासला हरवू शकली ती थेट १९९४ मध्ये, १९-१७. आणि त्यानंतर दोन वर्षांत दोघी ज्यात होत्या ती साउथवेस्ट कॉन्फरन्सच मोडली, टेक्सास आणि अजून तिघं निघून बिग १२ मध्ये गेले, आणि राइसला कुणी बरोबर घेतलं नाही. ७० हजारांचं स्टेडियम आणि मोठी लीग नाही, लग्न मोडल्यावर मंडप राहावा तसं. तर त्याचं म्हणणं असं की बाहेर पडायला तुम्ही नाही म्हणालात तर एक दिवस तुम्हाला बाहेर ठेवलं जाईल, त्यापेक्षा शिकागोसारखं स्वतःहून उठा.

शिकागो. इथे मी आधी त्याच्याच बाजूची होते, कबूल करते. कारण शिकागोची गोष्टच तशी भारी आहे.

युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो ही बिग टेनच्या मूळ संस्थापकांतली एक, १८९० च्या दशकातली गोष्ट. त्यांचा कोच ॲमोस अलोंझो स्टॅग, १८९२ ते १९३२, एकाच ठिकाणी ४१ सीझन, आणि त्याला नेमला होता तो प्रोफेसरच्या दर्जावर, कायमची नोकरी, म्हणजे फुटबॉल हा सुद्धा शिकवण्याचाच भाग असं तेव्हा तिथल्या प्रेसिडेंटना वाटत होतं. १९०५ मध्ये त्यांनी मिशिगनला २-० हरवलं, मिशिगन तेव्हा ५६ मॅचेस हरलेली नव्हती. सात वेळा बिग टेन जिंकली. १९३५ ला पहिली वहिली हाइजमन ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सगळ्यात भारी कॉलेज खेळाडूला मिळते ती, कुणाला मिळाली तर शिकागोच्या जे बर्वँगरला. एनएफएलच्या इतिहासातल्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिलं नाव त्याचंच, आणि हा पठ्ठ्या एनएफएल खेळलाच नाही, धंद्यात गेला. ट्रॉफी त्याच्या एका मावशीकडे की आत्याकडे होती, तिने ती दार उघडं राहावं म्हणून दाराला लावून ठेवलेली. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की काय सांगू. त्या ट्रॉफीचा त्याहून समंजस उपयोग कुणी केला असेल असं वाटत नाही.

पण मग प्रेसिडेंट आले रॉबर्ट हचिन्स, त्यांना हा सगळा तमाशा वाटायचा. टीमही खंगत चाललेली. १९३९ मध्ये मिशिगनने शिकागोला हरवलं, ८५-०. हार्वर्डने ६१-०, ओहायो स्टेटने पण ६१-०. त्या डिसेंबरला हचिन्सनी फुटबॉल बंदच केलं, आणि १९४६ ला शिकागो बिग टेनमधून निघून गेली. मधल्या काळात त्या रिकाम्या स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडच्या स्टँडखाली जे स्क्वॉशसारख्या खेळाचं कोर्ट होतं तिथे एनरिको फर्मीच्या टीमने २ डिसेंबर १९४२ ला जगातली पहिली ताब्यात ठेवलेली अणू फोडण्याची साखळी चालवली. फुटबॉल गेला आणि स्टँडखाली अणुयुग आलं, आता याच्यापुढे वादात बोलणार काय माणूस. त्या मैदानाच्या जागी आता लायब्ररी आहे.

म्हणून मी म्हणायचे, बघा, शिकागोचं काय वाईट झालं? नोबेल येतायत, पोरं मरमर अभ्यास करतायत, आणि फुटबॉलही १९६९ पासून परत आहे, डिव्हिजन थ्रीमध्ये, स्कॉलरशिप नाही, टीव्ही नाही, घरचे लोक आणि रूममेट बघायला येतात. एमआयटी पण तिथेच खेळते. आयव्ही लीगवाल्यांनी, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरेंनी सुद्धा असंच थोडं मधलं केलं, १९४५ ला आपापसात करार केला, खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची नाही, आणि मोठ्या स्पर्धेतून हळूहळू बाजूला झाले. एकेकाळी फुटबॉल म्हणजे येल आणि प्रिन्स्टन होतं हे आता कुणाला सांगितलं तर गंमत वाटते. त्यांना नुकसान झालं का? झ्याट नाही.

मग माझं मत बदललं कशामुळे. एका दिवसात नाही बदललं. त्या वाऱ्याच्या मॅचने थोडं हललं, कारण अडीच तास मला खरंच वाटत होतं की आज होईल, आणि ते वाटणं डिव्हिजन थ्रीमध्ये मिळत नाही, कारण तिथे ओहायो स्टेट येतच नाही. पण ही झाली भावना. कोलंबसकर भावनेला भाव देत नाही, तो हिशोबाचा माणूस आहे.

त्याचा हिशोब असा. बिग टेनचा २०२३ पासूनचा टीव्ही करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरच्या वर. ऑरेगन आणि वॉशिंग्टनला २०२३ मध्ये आत घेतलं तेव्हा सांगितलं की तुम्हाला सुरुवातीची बरीच वर्षं जवळपास अर्धाच वाटा. आता २०२४ ला ऑरेगनने काय केलं, रेग्युलर सीझनमध्ये एकही मॅच हरली नाही, वर बिग टेनची फायनल जिंकली, १३-०. अर्धा वाटा. नॉर्थवेस्टर्न त्याच वर्षी ४-८. पूर्ण वाटा. "वहिनी, सांगा, टीव्हीवर लोक कोणाला बघतात? तुम्हाला बघायला कोण बसतं? तुमच्या स्टेडियममध्ये सुद्धा आम्हीच बसतो." बरं याला उत्तर काय देणार. खरं आहे. आमच्याकडे अंडरग्रॅज्युएटची पोरं आठ-नऊ हजार, मिशिगनकडे त्याच्या चौपट, त्यांच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजार लोक मावतात, आणि ते भरतं.

मी एकदा चिडून म्हणाले, तुम्हाला हरवायला कुणीतरी लागतं की नाही? ते चिडून म्हटलेलं, पण नंतर विचार केला तर तेच खरं निघालं. लीगमध्ये प्रत्येक मॅचला एक जण हरतोच. नॉर्थवेस्टर्नला काढा, मग पर्ड्यू शेवटी. पर्ड्यूला काढा, मग अजून कोणीतरी. वर्गातल्या शेवटच्या नंबरच्या पोराला शाळेतून काढलं म्हणून शेवटचा नंबर जात नाही, तो पुढच्याच्या गळ्यात पडतो. आणि एक दिवस तो गळा ओहायो स्टेटचा सुद्धा असू शकतो. यावर कोलंबसकर तेवढ्यापुरता गप्प बसला, मग म्हणाला की असं होणार नाही. बरं.

आणि दुसरं म्हणजे, हे हरणं अभ्यासामुळे होतं हे मला आता पटतच नाही. आमच्या लोकांची ही आवडती सबब आहे, आम्ही काय बुवा अभ्यासवाले. स्टेडियममध्ये हरत आलो की आमची पोरं किल्ल्या वाजवतात, गाड्यांच्या किल्ल्या, खुळखुळ खुळखुळ, म्हणजे उद्या तुम्ही आमच्याकडे नोकरीला असाल असं सुचवायचं. त्या दिवशी पण दोन-चार जणांनी सुरू केलं होतं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या पुढच्या रांगेतल्या लाल जॅकेटवाल्या आजीबाईंनी मागे वळून बघितलं सुद्धा नाही, थर्मासमधून कॉफी ओतत राहिल्या, थेंब सांडला नाही त्या वाऱ्यात.

इंडियाना बघा ना. बिग टेनमधलीच, सरकारी युनिव्हर्सिटी, ॲडमिशन आमच्याइतकी अवघड नाही, आणि कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सगळ्यात जास्त हरणाऱ्यांच्या यादीत वर्षानुवर्षं टॉपला. त्यांना काय अभ्यासाचा त्रास होता? नाही. चांगला कोच आला, कर्ट सिग्नेटी, पैसा लागला, ट्रान्सफरने चांगली पोरं आणली, आणि २०२५ च्या सीझनमध्ये १६-०, नॅशनल चॅम्पियन. त्यांचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोसा, हाइजमनवाला, तो आला कुठून तर बर्कलीहून, म्हणजे त्या अभ्यासू म्हणवणाऱ्या जमातीतूनच!

तिकडे एसईसीमध्ये, म्हणजे दक्षिणेकडच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, व्हँडरबिल्ट. ती कॉन्फरन्स म्हणजे फुटबॉलचं देऊळ, आणि त्यात व्हँडरबिल्ट ही एकटी प्रायव्हेट युनिव्हर्सिटी, १९३० च्या दशकात स्थापनेपासून आत. तिच्याबरोबरचे बाकीचे एकेक करून गळले. सवानी नावाचं एक चिमुकलं कॉलेज होतं, १८९९ मध्ये सहा दिवसांत पाच मॅचेस खेळून पाचही जिंकलेलं, समोरच्यांना एक पॉइंटही न देता, त्यात टेक्सास होती, एलएसयू म्हणजे लुइझियाना स्टेट होती. तेच सवानी एसईसीमध्ये एकही कॉन्फरन्स मॅच न जिंकता १९४० ला निघून गेलं. जॉर्जिया टेक १९६४ ला गेली, टुलेन १९६६ ला. व्हँडरबिल्ट मात्र तशीच बसून राहिली, मार खात. २००३ मध्ये तर त्यांच्या चॅन्सेलरने वेगळं ॲथलेटिक डिपार्टमेंटच बरखास्त करून टाकलं, लोक म्हणाले झालं आता, वेडे झाले. २०२३ चा सीझन २-१०, कॉन्फरन्समध्ये ०-८.

आणि मग ५ ऑक्टोबर २०२४. अलाबामा देशात एक नंबर, व्हँडरबिल्ट ४०, अलाबामा ३५. मी घरी भांडी घासत होते आणि नवरा बाहेरून ओरडला, तशीच साबणाच्या हातांनी आले आणि शेवटचा क्वार्टर उभ्यानेच बघितला. अलाबामाला याआधी त्यांनी हरवलं होतं १९८४ मध्ये. पोरांनी गोलपोस्ट उपटला, खांद्यावर घेतला, नॅशव्हिलच्या रस्त्यांवरून वाजतगाजत नेला आणि कंबरलँड नदीत सोडला. विसर्जनच की ते. फक्त पुढच्या वर्षी लवकर या म्हणायला कुणी नव्हतं, कॉन्फरन्सने एक लाख डॉलरचा दंड केला तेवढं. पुढच्या वर्षी तर व्हँडरबिल्टने दहा मॅचेस जिंकल्या, त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा.

इथे एक खोच आहे आणि ती लपवली तर कोलंबसकर कमेंटमध्ये येऊन सांगेलच, म्हणून मीच सांगते. ती मॅच जिंकून देणारा क्वार्टरबॅक डिएगो पाविया, तो काही एंट्रन्समध्ये चमकून व्हँडरबिल्टला आलेला नव्हता. आधी दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज, मग न्यू मेक्सिको स्टेट, तिथून ट्रान्सफर. आणि पुढे अजून एक वर्ष खेळता यावं म्हणून त्याने एनसीएएवर, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेवर, केस केली, कोर्टाने त्याच्या बाजूने मनाई हुकूम दिला. म्हणजे अभ्यासू युनिव्हर्सिटी जिंकली खरी, पण नवीन बाजाराचे नियम वापरून. मला यात काही वावगं वाटत नाही. पण मग "आम्ही आमच्या पद्धतीने जिंकलो" असं छाती काढून सांगू नये एवढंच.

बाजार म्हणजे खरोखरचा बाजार झालाय आता. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे घेता येतात, आणि जून २०२५ मध्ये कोर्टाने जी तडजोड मंजूर केली तिच्यानंतर युनिव्हर्सिटी स्वतः खेळाडूंना वर्षाला साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत वाटू शकते. आयव्हीने नाही म्हणून सांगितलं. बाकीच्यांना नाही म्हणायची सोय नाही.

आता जे अभ्यासाच्या नावाने शपथा घेतात त्यांच्या घरात जरा डोकावू. नॉर्थवेस्टर्नचाच क्वार्टरबॅक केन कोल्टर, याने २०१४ मध्ये खेळाडूंची युनियन काढायचा प्रयत्न केला होता. सुनावणीत त्याने सांगितलं की त्याला डॉक्टरकीकडे जायचं होतं, पण केमिस्ट्रीचा क्लास सकाळच्या प्रॅक्टिसवर येत होता म्हणून तो सोडावा लागला. शेवटी सायकॉलॉजी केलं. आणि सरकारी कामगार मंडळाच्या अधिकाऱ्याने निकालात लिहिलं की सीझनमध्ये ही पोरं आठवड्याला ४० ते ५० तास फुटबॉलला देतात. चाळीस ते पन्नास! ही माझी युनिव्हर्सिटी, जिच्या पोरांनी किल्ल्या वाजवायच्या. पुढे २०१५ ला मंडळाने हे प्रकरण आपल्या अखत्यारीत घेत नाही म्हणून सोडून दिलं, युनियन झाली नाही, तो भाग वेगळा.

नॉर्थ कॅरोलिना तर त्याहून पुढे. चॅपल हिलची ती सरकारी युनिव्हर्सिटी, नावाजलेली, कुणी तिला फुटबॉलची फॅक्टरी म्हणणार नाही. २०१४ च्या चौकशी अहवालात निघालं की १९९३ ते २०११, अठरा वर्षं, नावापुरते क्लास चालू होते, मास्तर नाही, तास नाही, एक पेपर द्यायचा आणि चांगला ग्रेड घ्यायचा. ३,१०० च्या वर विद्यार्थी त्यातून गेले, जवळजवळ निम्मे खेळाडू. आणि एनसीएएने शिक्षा केली नाही, कारण काय तर ते क्लास सगळ्यांना खुले होते, फक्त खेळाडूंना नव्हते. हसावं का रडावं.

म्हणून मला "अभ्यासू" आणि "फुटबॉलवाल्या" अशा दोन खणांत युनिव्हर्सिट्या टाकणं आता जमत नाही. बिग टेनमधल्या नेब्रास्का सोडून सगळ्या युनिव्हर्सिट्या रिसर्चच्या त्या मोठ्या संघटनेत आहेत, एएयूमध्ये, नेब्रास्काला तर २०११ मध्ये त्यातून काढलं. ओहायो स्टेटमध्ये काय रिसर्च होत नाही का? कोलंबसकरच्या थीसिसची जाडी मी बघितलीये, उशाला घेता येईल.

मग शेवटी माझं म्हणणं काय. राहू देत सगळ्यांना, नॉर्थवेस्टर्नला पण, व्हँडरबिल्टला पण. पण एक गोष्ट मला खरंच खुपते आणि त्यावर कोलंबसकर आणि माझं चक्क एकमत आहे.

स्टॅनफर्ड. २०२२ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए बिग टेनकडे निघाल्या, पुढच्या वर्षी कोलोरॅडो, मग ऑरेगन, वॉशिंग्टन आणि ॲरिझोनावाले, आणि या सगळ्यांची शंभर वर्षांची पश्चिमेकडची कॉन्फरन्स, पॅक-१२, पत्त्यांच्या बंगल्यासारखी खाली आली. स्टॅनफर्ड आणि कॅल, म्हणजे बर्कली, मागे राहिल्या. कुणी घेईना. शेवटी घेतलं कुणी तर एसीसीने, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, आणि या दोघी पॅसिफिकच्या काठावर! तेही पहिली सात वर्षं वाट्याचे साधारण तीस टक्के घेऊन. फुटबॉल टीम जाते विमानाने, बाहेरच्या मॅचेस अशा किती असतात, पाच-सहा. पण स्टॅनफर्डकडे खेळ आहेत ३६. पोहणं, व्हॉलीबॉल, सॉकर, सगळ्यात एक नंबर, सगळे खेळ मिळून जो कप देतात तो त्यांनी सलग २५ वर्षं जिंकला. त्या व्हॉलीबॉलच्या पोरींनी आता कॉन्फरन्स मॅचसाठी बॉस्टनला जायचं, चार हजार किलोमीटरच्या वर, तीन तासांचा वेळेचा फरक, सोमवारी परत येऊन ऑरगॅनिक केमिस्ट्रीची टेस्ट. आणि हे कशासाठी, तर २०२१ ते २०२४ चारही वर्षं जी फुटबॉल टीम ३-९ अशी हरली तिला टीव्हीवर जागा मिळावी म्हणून.

अभ्यासाचं नुकसान बघायचं असेल तर ते इथे आहे, स्कोअरबोर्डवर नाही. फुटबॉल हवा तर फुटबॉलची वेगळी लीग करा ना, ज्याला ज्याच्याशी खेळायचं त्याच्याशी खेळा, स्टॅनफर्डला फ्लोरिडात पाठवा, हवं तर चंद्रावर पाठवा. बाकीच्या पस्तीस खेळांना त्या टीव्ही कराराच्या शेपटीला का बांधलंय? पोहणाऱ्या पोराला रात्री आपल्या होस्टेलवर झोपता यायला पाहिजे. हे मी म्हणाले तर कोलंबसकर म्हणाला, "हे मात्र बरोबर आहे," आणि आमच्या घरात दोन मिनिटं शांतता झाली, नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी करून बघितलं काय झालं म्हणून.

अर्थात ती टिकली नाही. इव्हान्स्टनचं ते जुनं स्टेडियम आता पाडलंय, त्याच जागी नवीन, ८५ कोटी डॉलरच्या आसपास खर्च, आणि एवढं करून सीटं कमी केलीत, ४७ हजारांची ३५ हजार. मी म्हणाले बघा, देशात सगळे मोठं बांधतायत, आम्ही लहान बांधलं, आम्हाला आमची लायकी कळते. कोलंबसकरने फोनवर नकाशा उघडला, सीटिंगचा, आणि बोटाने मोठा करून बघत बसला. म्हटलं काय बघताय?

"काही नाही वहिनी," म्हणाला, "३५ हजारांतली वीस हजार आमची धरली तर तुम्हाला कुठे बसवायचं ते बघतोय."